पुलाच्या आधीचा चिखल

शिवडीहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालं आणि आमच्या उरण तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप गटावर एकच व्हिडिओ फिरू लागला. गाडीच्या काचेतून दिसणारा लांबच लांब रस्ता, मागे वाद्यवृंद. मला त्यात सारखं खाली बघावंसं वाटत होतं, आणि ते दिसत नव्हतं. या पुलाच्या खालचा चिखल माझ्या ओळखीचा आहे. २०१५चा पावसाळा संपल्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी त्या चिखलात, होडीत आणि त्याच्या काठच्या गावांत पर्यावरण परीक्षणाचं क्षेत्रकाम करत होते. काम करणाऱ्या मुख्य सल्लागाराचा सल्लागार, त्याचा एक उपकंत्राटदार, आणि त्याच्याकडे महिन्याच्या पगारावर मी. असा तो क्रम.

मी करंजाची. सागरी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. मुलाखतीत कांदळवनाच्या जाती विचारतील म्हणून पाठ करून गेले होते, तर विचारलं काय, तर पोहता येतं का, होडीत मळमळतं का आणि आगरी-कोळी बोली समजते का. तिन्ही उत्तरं ऐकून लगेच ‘सोमवारपासून या’ म्हणाले.

हा पूल कागदावर फार म्हातारा. मुंबईतून थेट पलीकडच्या किनाऱ्यावर जायला रस्ता हवा, ही सूचना १९६०च्या दशकात विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागारांच्या अभ्यासात आली होती. मग अहवालावर अहवाल झाले. २००८मध्ये निविदा निघाली तेव्हा अंबानी बंधूंच्या कंपन्यांपैकी एकीनं टोलवसुलीसाठी ९ वर्षं ११ महिने मागितले, दुसरीनं ७५ वर्षं! २०१३मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा एकही बोली आली नाही. अखेर एमएमआरडीएनं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, जपानच्या जायका या संस्थेकडे कर्ज मागितलं, आणि माझ्यासारखीला चिखलात उतरवणारी घटना हीच. जायका पैसे देताना स्वतःचे पर्यावरणाचे आणि सामाजिक नियम लावते. हा प्रकल्प त्यांच्या ‘अ’ वर्गात, म्हणजे सगळ्यांत जास्त परिणाम करू शकणाऱ्यांत. अशा प्रकल्पाचा अहवाल कर्जकराराच्या किमान १२० दिवस आधी लोकांसमोर ठेवावा लागतो, आणि बाधितांशी निदान दोनदा बोलावं लागतं. काय अभ्यासायचं हे ठरवताना एकदा आणि मसुदा तयार झाल्यावर एकदा.

सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) मंजुरी २०१२मध्ये एकदा मिळालेली होती, जानेवारी २०१६मध्ये पुन्हा मिळाली. म्हणजे आम्ही चिखलात होतो तेव्हा दिल्लीत वेगळी फाइल चालली होती. दोन्ही वाटा समांतर असतात आणि एकीच्या तारखांचं दुसरीला काही पडलेलं नसतं. बाहेरच्याला वाटतं, ‘पर्यावरण मंजुरी’ म्हणजे एक शिक्का. प्रत्यक्षात सीआरझेड वेगळं, वनजमिनीचं वेगळं, कांदळवन तोडायचं तर त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी वेगळी. मुंबई उच्च न्यायालयानं २००५पासून कांदळवनावर कुऱ्हाड चालवायला बंदी घातली आहे. सार्वजनिक हिताचं काम असेल तर न्यायालयात जाऊन ते पटवून द्यावं लागतं. २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत मुंबईसाठी आणखी एक अट होती: रस्ता न्यायचा तर खांबांवरून न्या, भरतीचं पाणी अडता कामा नये, आणि जेवढी झाडं तुटतील त्याच्या पाचपट लावा. रोपं कुठं लावणार, जगणार का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. चिखल दिसला की रोपं लावायची ही आपली सवय मला मुळीच आवडत नाही. झाडं नसलेला उघडा चिखल रिकामा नसतो. शिवडीला पक्षी येतात ते त्या उघड्या चिखलासाठी.

माझं काम होतं बेसलाइन. प्रकल्प होण्याआधी इथं काय आहे याची नोंद. हा भाग सगळ्यांत कंटाळवाणा समजला जातो. नवखी पोरं त्यावर लावतात आणि अनुभवी माणसं परिणामांच्या तक्त्यांवर बसतात. मला तो उलटा हिशेब वाटतो. परिणाम म्हणजे नंतरच्यातून आधीचं वजा करायचं. आधीचं लिहिलंच नसेल तर वजाबाकी कशातून करणार? बेसलाइनमध्ये जे नाही, ते पुढे कागदावर बाधितही होऊ शकत नाही.

पाण्याचं आणि गाळाचं काम सरळ होतं. ठरलेल्या जागी होडी उभी करायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, विरघळलेला प्राणवायू तिथल्या तिथं रसायन घालून पक्का करायचा. मग ग्रॅब सोडायचा. हे लोखंडी जबड्यासारखं यंत्र तळाला टेकलं की मिटतं आणि गाळ उचलून आणतं. तो गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, चाळणीत उरतील ते किडे, शिंपले, खेकड्यांची पिल्लं फॉर्मालिनमध्ये. ठाण्याच्या खाडीतून येणारं पाणी काय काय घेऊन येतं ते नाकाला आधी कळायचं. काही जागी काळा गाळ वर आला की सडक्या अंड्यांचा वास होडीभर पसरायचा आणि तांडेल तोंड फिरवून विडी पेटवायचा. त्याच गाळात बारीक लाल किडे भरपूर निघायचे. घाण सोसणारे किडे ते. आमच्या अहवालात त्याचं वर्णन ‘प्रदूषण-सहिष्णू प्रजातींचं प्राबल्य’ असं झालं.

या ओळीचा धोका मला तेव्हाच जाणवला. खाडी आधीच बिघडलेली आहे असं बेसलाइननं म्हटलं की पुढचा माणूस सहज म्हणतो, मग पुलानं आणखी काय बिघडणार? शिवडीला आवाज मोजताना तेच झालं. बंदराचे ट्रक, जहाजांची तोडफोड-दुरुस्ती, कोळशाची ने-आण. डेसिबलचा आकडा आधीच वर. टीममधल्या एकानं लगेच निष्कर्ष काढला की पक्ष्यांना सवय आहे. पण सततच्या घरघरीची सवय होणं वेगळं आणि अचानक झालेल्या धडाक्यानं उडणं वेगळं. आम्ही मग नुसती सरासरी न देता एकेका मोठ्या आवाजाच्या वेळी थवा काय करतो तेही लिहायला लागलो. मान वर करतो, सरकतो, की उठतो. ट्रकचा हॉर्न वाजला तर मान सुद्धा हलायची नाही. साखळी धाडकन पडली की जवळचा सगळा थवा गुलाबी-काळे पंख उघडून वर. पुढे काम सुरू झाल्यावर पाया खोदताना कमी आवाजाची, घण न घालता भोक पाडणारी यंत्रं वापरली गेली. त्यामागं पुष्कळ जणांचं म्हणणं होतं, आमच्या वहीचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही. पण वहीत ते होतं.

रोहित पक्ष्यांबद्दल (फ्लेमिंगो) एवढं लिहिलं गेलं आहे की मी आवरतं घेते. मोजायची पद्धत मात्र सांगते, कारण लोक विचारतात. एकेक मोजणं शक्यच नाही. शंभराचा गठ्ठा नजरेत पक्का करायचा आणि तो थव्यावर सरकवत न्यायचा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे एकमेकांना आधी सांगायचे नाहीत. वेळ भरतीच्या हिशेबानं. पूर्ण ओहोटीला पक्षी इतके लांब जातात की दुर्बिणीतही नुसती गुलाबी रेघ दिसते. पाणी चढू लागलं की ते चिखलाबरोबर किनाऱ्याकडे सरकतात. तेवढ्या वेळात जे मोजाल ते खरं. बाकी शिवडीच्या पलीकडे ठाणे खाडीचा पट्टा ऑगस्ट २०१५मध्येच रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता, आणि पूल त्याच्या दक्षिणेला. पक्ष्यांना अर्थात ती हद्द ठाऊक नव्हती. भरतीप्रमाणे ते दोन्हीकडे जायचे. म्हणून नोंदही दोन्हीकडची हवी, असा आग्रह पक्ष्यांच्या अभ्यासकांनी धरला होता.

खरी लढाई झाली ती मासेमारीच्या फॉर्मवर.

फॉर्म छापून आला होता. नाव, वय, नौकेचा नोंदणी क्रमांक, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व, जाळ्याचा प्रकार, इंजिनाची ताकद, गेल्या महिन्यातली पकड किलोमध्ये. न्हावा, गव्हाण, शिवडी, ट्रॉम्बे, माहुल अशा ठिकाणी तो भरून घ्यायचा. डोलवाले (खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं लावणारे), वाणावाले, पाग टाकणारे अशी माणसं पटापट सापडली. सोसायटीच्या ओट्यावर बसलं की चहा येतो आणि फॉर्म भरून होतो. आठवड्यात बराच गठ्ठा जमला. टीम लीडर खूश.

पलीकडच्या एका गावात मी फॉर्म आवरत असताना ओट्याखाली उभी असलेली एक काकी म्हणाली, “आमचा नाय भरायचा?”

“तुमच्याकडे होडी आहे का, काकी?”

“होरी नाय. मी कालवांना जातंय. निवट्या, खुबे, चिंबोऱ्या. होरी नाय मंग आमी कोली नाय का?”

तिच्या मागे आणखी काहीजणी होत्या. त्या रोज चिखलात जातात, शिंपल्या, खेकडे, चिखलातले मासे हातानं काढतात, डोक्यावरून आणून दारात किंवा नाक्यावर विकतात. त्यांच्यातली एकही कुठल्या रजिस्टरमध्ये नाही, कारण रजिस्टर होडीचं असतं. माझी स्वतःची आजी करंजाला हेच करायची. त्यामुळे हा वर्ग असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण छापील फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. ‘नौका नोंदणी क्रमांक’ कोरा ठेवला की संगणकातला तक्ता ती ओळ अपूर्ण म्हणून बाजूला टाकायचा.

मी टीम लीडरना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. आधी कितीतरी महामार्गांचं काम केलेलं, जमिनीवरचं. त्यांचं म्हणणं, “पुलाचे खांब चिखलात किती जागा खाणार? नगण्य. या बायका चार पावलं बाजूला जातील.” आणि दुसरं, “पुरावा काय?” दुसऱ्या प्रश्नाला उत्तर कायद्यातच होतं. २०१३च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची जी व्याख्या आहे, तिच्यात संपादनाआधी तीन वर्षं ज्यांची मुख्य उपजीविका जंगलावर किंवा पाणवठ्यावर आहे ती कुटुंबं येतात, मच्छीमार आणि नावाडी तर नाव घेऊन. होडीच्या मालकीची अट नाही. जायकाचे नियमही हेच सांगत होते की हक्काचा कागद नाही म्हणून कोणाला वगळता येणार नाही. मी दोन्ही उतारे छापून त्यांच्या टेबलावर ठेवले. दोन दिवस त्यांनी काही म्हटलं नाही. मग विचारलं, “समजा रकाना घातला. भरणार काय?”

हा प्रश्न मात्र रास्त होता. काकींना किलो ठाऊक नव्हते, त्या वाट्यावर विकायच्या. खुब्यांचा वाटा केवढा, सोललेल्या कालवांचा माप केवढा, हे गावागणिक आणि गिऱ्हाइकागणिक बदलतं. शेवटी मी घरचा स्वयंपाकाचा वजनकाटा नेला आणि त्या परतताना वाटेत टोपल्या वजन करू लागले. पहिल्या दिवशी हसणं फार झालं. दुसऱ्या दिवशी त्याच मला थांबवून सांगू लागल्या की आज कमी आहे, काल जास्त होतं, काल का आली नाहीस.

आणि पहिला प्रश्न, ‘चार पावलं बाजूला’? त्याचं उत्तर वेळापत्रकात दडलं होतं. क्षेत्रकामाची आखणी ऑफिसात झाली होती, कॅलेंडरच्या तारखांवर. एका गावासाठी ठरलेला आठवडा नेमका अष्टमीच्या आसपासचा. कोळ्याच्या घरातल्या पोरालाही कळतं की तेव्हा भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. लांबचा चिखल उघडाच पडत नाही. त्या दिवसांत कोणी कालवांना जाणारच नव्हतं, आणि आमच्या वहीत लिहिलं गेलं असतं: आंतरभरती क्षेत्रात मासेमारी आढळली नाही. खरं, आणि तरी संपूर्ण चुकीचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप खाली जातं. तेव्हाच त्या दूरवर जातात, जिथं खडक आणि जाड कालवं आहेत. चांगली जागा ठरलेली असते, तिथं पोचायचा वेळ ठरलेला असतो आणि भरतीच्या आत परत यायचं असतं. वाटेत बांधकामाचं कुंपण आलं, वळसा पडला, तर अर्धा तास गेला म्हणजे अर्धी टोपली गेली. खांबानं किती चौरस मीटर खाल्लं यात हे येत नाही.

आखणी बदलली. उधाणाचे दिवस धरून पुन्हा जाणं झालं, खर्च वाढला म्हणून वरून फोनही आला. नव्या फॉर्ममध्ये ‘होडीविना, हाताने’ असा प्रकार आला, आणि स्त्री की पुरुष हे वेगळं नोंदलं गेलं. टीम लीडरनी स्वतः एकदा चिखलात यायचं ठरवलं. त्यांचा एक बूट तिथंच राहिला. परत आल्यावर त्यांनी ‘नगण्य’ हा शब्द मसुद्यातून काढला.

मग बैठका. इथं एक फरक सांगायला हवा, कारण गावात सगळ्याला ‘सुनावणी’च म्हणतात. आपल्याकडे जनसुनावणी होते ती २००६च्या अधिसूचनेनुसार: प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अपर जिल्हा दंडाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी अध्यक्ष, सगळं व्हिडिओवर, आणि शेवटी इतिवृत्त तिथंच वाचून दाखवायचं. आमच्या बैठका त्या नव्हेत. त्या कर्ज देणाऱ्याच्या नियमांनुसारच्या सल्लामसलतीच्या. पण समोर बसलेल्या माणसाला त्याचं काय? टेबल तेच, पाण्याच्या बाटल्या त्याच, प्रोजेक्टर चालू न होणं तेच.

न्हावा-शेवा-जासई पट्ट्यात ‘प्रकल्प’ हा साधा शब्द नाही. जानेवारी १९८४मध्ये जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात इथं गोळीबार झाला, पाच जण गेले. जेएनपीटी बंदर १९८९मध्ये सुरू झालं. त्यासाठी जुना शेवा कोळीवाडा उठला. त्यामुळे आमच्या पहिल्या स्लाइडला, ‘प्रकल्पाचे फायदे’, कोणी मान वर करून पाहिलंही नाही. पहिला प्रश्न आला तोच मुळी, “दाखला कोणाला मिळणार?” प्रकल्पग्रस्ताचा दाखला. दुसरा, “नोकऱ्या किती?” मंचावरच्या पाहुण्यांना वाटलं, लोकांना पर्यावरणात रस नाही. मला तसं वाटलं नाही. तीस वर्षं ज्यांना दाखल्यानंच मोजलं, ते आधी दाखलाच विचारणार.

आणि मग मागून एक आजोबा उठले. डोलीचे जुने धनी. त्यांचा प्रश्न मी जसाच्या तसा लिहून घेतला होता: “आमच्या डोलीचा खुंट रोवला की एका बाजूला खड्डा पडतो नि दुसऱ्या बाजूला गाळ बसतो. तुमचा खुंट केवढा? नि किती?”

सभागृहात हशा पिकला, पण अभियंत्यांच्या रांगेत एकजण सरळ होऊन बसला. त्यानं फार नीट उत्तर दिलं. खांबाजवळ प्रवाहामुळे खड्डा पडतो, त्याचा हिशेब पायाची खोली ठरवताना घेतात; खांबापासून दूर पातळीत आणि वेगात किती फरक पडेल ते गणिती प्रतिमानावर काढतात. आपल्याकडे असली कामं खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात होतात. उत्तर ऐकून आजोबा म्हणाले, “ते तुम्ही काढा. पण दरवर्षी खोली मोजून आम्हाला दाखवणार का?” याला उत्तर आलं नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘सूचना नोंदवली.’ सरकारी बैठकीत ‘नोंदवली’ आणि ‘स्वीकारली’ यांमध्ये खाडीएवढं अंतर असतं. मी टीम लीडरच्या मागे लागून ती मागणी देखरेखीच्या आराखड्याच्या मसुद्यात, तळाची खोली मोजण्याच्या ओळीत, गावांना माहिती देण्याच्या शेऱ्यासह घातली. अंतिम प्रतीत शेरा थोडा मवाळ होऊन राहिला. पण राहिला.

त्या बैठकीतून मला एक गोष्ट पक्की कळली. लोक जेव्हा सभेत बोलतात तेव्हा नकाशा जवळजवळ झालेला असतो. शिवडीचं टोक कुठं हे ईस्टर्न फ्रीवेनं आणि बंदराच्या जमिनीनं आधीच ठरवलं होतं, पलीकडचं चिर्ल्याचं टोक महामार्गानं. मधल्या १६.५ किलोमीटर समुद्रावर कुठं गाळा (दोन खांबांमधलं अंतर) मोठा हवा तेही पाइपलाइनींनी आणि जहाजांच्या वाटांनी ठरवलं. एरवी काँक्रीटचे पन्नास-साठ मीटरचे गाळे, आणि अशा ठिकाणी पोलादी डेक, १८० मीटरपर्यंत. ट्रॉम्ब्याजवळ अणुसंशोधन केंद्र दिसू नये म्हणून आडोशाची भिंत. तेलवाहिनीला नकाशावर रेघ आहे, म्हणून तिच्यासाठी गाळा वाढतो. होडीच्या वाटेला रेघ नसते. ती काढून द्यावी लागते, आणि वेळेत.

वरळीला उशीर झाला तेव्हा काय होतं ते पुढे सगळ्यांनी पाहिलं. मुंबईच्या किनारी रस्त्यावर क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. वरळीच्या कोळ्यांनी २०० मागितलं, समुद्रात जाऊन काम अडवलं, आणि २०२२च्या अखेरीस १२० मीटरवर तडजोड झाली. काम चालू असताना खांब कमी करून, नव्यानं रचना करून. त्यांच्या होड्या कुठून जातात हे पहिल्या सर्वेक्षणात कोणीही एका दुपारी काढू शकलं असतं.

अहवाल लिहिण्याचा टप्पा मी थोडक्यात उरकते, कारण तो खरंच तसाच असतो. परिणामांचा तक्ता: उभे प्रकल्पाचे टप्पे, आडवे घटक, प्रत्येक चौकटीत उणे एक, उणे दोन. त्या आकड्यांवर दिवसभर वाद होतो आणि संध्याकाळी चहानंतर सगळे उणे दीडवर येतात. उपयोगी भाग त्याच्या पुढे असतो, व्यवस्थापन आराखडा: काय करायचं, कोणी, कुठल्या पैशांतून, आणि झालं की नाही ते कोण बघणार. चौथा रकाना कोरा असेल तर पहिले तीन वाचायचे कष्ट घेऊ नयेत असं माझं मत झालं आहे. या पुलाच्या बाबतीत काही गोष्टी उतरल्या हे मान्य करायला हवं. शिवडीच्या चिखलात भराव टाकून रस्ता न करता यंत्रसामग्री न्यायला खांबांवरचा तात्पुरता पूल बांधला. आवाज अडवणाऱ्या भिंती लागल्या. बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) पक्ष्यांवर लक्ष ठेवणं काम सुरू झाल्यावरही चाललं. मासेमारीच्या नुकसानभरपाईचं धोरण झालं. तो टप्पा माझ्यानंतरचा, त्यातलं मी बोलत नाही.

आणि रोहित? जानेवारी २०१९मध्ये, काम चालू असताना, मुंबई परिसरात बीएनएचएसच्या गणनेत ते सव्वा लाखाच्या घरात होते. पण शिवडीच्या जेट्टीवर उभं राहिलं की पूर्वीसारखे समोर दिसत नाहीत अशी कुरकुर पक्षीनिरीक्षक करत होते, आणि नवी मुंबईच्या तळ्यांवर गर्दी वाढली होती. एकूण आकडा शाबूत, जागा बदलली. म्हणूनच नवी मुंबईतली ती तळी बुजवायची भाषा कोणी केली की मला चीड येते. शिवडीच्या हिशेबातली ती उरलेली बाजू आहे.

आता पाळी आमची आहे. रेवस ते करंजा, धरमतर खाडीवरचा पूल. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून आम्ही ऐकत आलेला, रेवस-रेडी सागरी महामार्गाचा पहिलाच तुकडा. करंजाला पूल हवा आहे यात शंका नाही. अलिबागला जायला आजही तर (प्रवासी होडी) किंवा मोठा वळसा. गेल्या महिन्यात सोसायटीत बोलावून मला विचारलं, की बाबा, सुनावणीत काय बोलायचं. मी म्हटलं, सुनावणीचं नंतर बघू. आधी डोलींच्या खुंटांच्या जागा मोबाइलच्या जीपीएसवर घ्या. होड्या भरतीला कुठून आणि ओहोटीला कुठून जातात त्या दोन वेगळ्या रेघा काढा. पावसाळ्यातली जिताड्याची आणि हिवाळ्यातली कोलंबीची नोंद वेगवेगळी ठेवा, आणि सर्वेक्षक आले की फॉर्मची कोरी प्रत मागून घ्या, भरलेली नव्हे, कोरी. रकाने काय आहेत ते त्यात दिसतं. अहवालाचा मराठी सारांश मिळेल, तो घ्याच, पण त्यावर थांबू नका. जोडपत्रं मागा, यादी तिथं असते.

अध्यक्ष म्हणाले, “होड्यांची यादी आहे आमच्याकडे. चिखलात जाणाऱ्या बायकांची कोण करणार?”

पाठीमागून माझी चुलती बोलली, “यादी कशाला शोधताव? आवसेला खारीत या, सगल्या गावतील.”

पुढच्या अमावास्येला जायचं ठरलं आहे. वही सोसायटीची, वजनकाटा माझा.